फोल्डरमधून काढलेलं नाव

आमच्या घरच्या एका फोल्डरमधून मी माझ्या धाकट्या भावाचं नाव काढलं होतं. फोल्डर म्हणजे कपाटातलं नव्हे, क्लाउडवरचं. त्याचं नाव 'आबा दवाखाना'. नाव काढलं तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, हिंडते-फिरते होते आणि भाऊ तिकडे वर डोंगरात ड्यूटीवर होता. परवापरवापर्यंत मी हे आपणहून कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात आणि मी म्हणू देतो.

आधी माझ्या कामाचं सांगायला हवं, कारण हात तिथंच सरावला. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग असतं. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की जुनं काढून घ्यावं लागतं, नाहीतर मशीनवरचा माणूस जुन्या मापानं माल काढतो आणि अख्खा लॉट भंगारात जातो. पूर्वी कागद आणि शिक्के असायचे, आता सगळं क्लाउडवर. कुणाला ड्रॉइंग नुसतं पाहता यावं, कुणाला त्यात बदल करता यावा, कुणाला ते दिसूच नये, हे सांभाळणं माझ्याकडे. माणूस कंपनी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव काढायचं. नावासमोर एक बाण असतो, तो दाबला की परवानग्या खाली उघडतात आणि तळाला 'काढून टाका' असतं. मी ते इतक्या वेळा केलंय की आता तिकडे बघावंही लागत नाही.

गाव इस्लामपूरजवळ. आबा फौजेतून हवालदार होऊन परतलेले. मीही भरतीला गेलो होतो, डोळ्यांच्या तपासणीत मागे फिरलो. धाकटा पहिल्याच भरतीत लागला. तो सुट्टीवर आला की आबा त्याच्याशी तासन् तास बोलायचे. कुठली चौकी, बर्फ किती, लंगरात काय शिजतं, साहेब कसा आहे. माझ्या नोकरीबद्दल ते विचारायचे, नाही असं नाही. "बरं चाललंय का?" मी म्हणायचो, "बरं चाललंय." तिथं आमचं संपायचं.

आबांचा घसा धरायला लागला तेव्हा सुरुवातीला इस्लामपुरातच औषध चाललं. बहीण इस्लामपुरातच दिली आहे, तीच त्यांना घेऊन जायची. मग सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं दर खेपेला घोळ. डॉक्टर मागचा रिपोर्ट मागायचे, तो माझ्याकडे साताऱ्यात असायचा, नाहीतर बहिणीच्या पर्समध्ये, नाहीतर आबांच्या खुंटीवरच्या पिशवीत. म्हणून मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत ते फोल्डर तयार केलं. बहिणीला बदल करायची परवानगी दिली, म्हणजे तिनं दवाखान्यातनंच कागदाचा फोटो काढून टाकावा. भावाला नुसतं पाहायची. त्याला लय आनंद झाला. वरून खाली कॅम्पला आला, रेंज मिळाली की तो सगळे कागद उघडून बघायचा, त्यांच्या तिथल्या डॉक्टरला दाखवायचा आणि मला फोन करून शहाणपणाचे प्रश्न विचारायचा. बहीण त्याला चिडवायची, "नुसतं बघायला दिलंय तर एवढा, बदल करायला दिलं असतं तर आबांच्या गोळ्याच बदलल्या असत्यास."

मग घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला.

रिपोर्ट मी स्वतः सांगलीत जाऊन घेतला. आबा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना खरं सांगितलं, कारण त्यांच्याशी खोटं बोलायची तोवर मला सवय नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. एसटी स्टँडकडे चालता चालता म्हणाले, "त्याला कळवू नगंस. तिकडं हातात बंदूक आस्ती."

हे आमच्याकडचं जुनं आहे. घरटी एकदोघं फौजेत असलेली गावं ही. वाईट बातमी वर पाठवायची नाही. पत्र होतं तेव्हा पत्रात सगळं क्षेम लिहायचं, मग घरात काहीही झालेलं असो. गडी सुट्टीवर आला, अंगणात पाय धुऊन बसला की सांगायचं. फोन आले तरी ती रीत तशीच राहिली, फक्त क्षेम तोंडानं सांगायला लागले. त्यामुळं आबांच्या बोलण्यात मला काही वावगं वाटलं नाही. अडचण फोल्डरची होती. रिपोर्ट त्यात टाकला की भावाला दिसणार. न टाकावा तर बहिणीला पुढच्या तपासणीला लागणार.

एसटीत, इस्लामपूर यायच्या आधीच, मी मोबाइलवर भावाच्या नावासमोरचा बाण दाबला आणि त्याचं नाव काढलं. मग रिपोर्ट टाकला. आबा शेजारी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते.

असं नाव काढलं की त्या माणसाला उघडायला गेल्यावर पाटी दिसते, की तुम्हाला परवानगी नाही, हवी असल्यास मागा. त्यानं मागितली की मालकाला मेल येतो. भावाचा मेल आला. खाली त्यानं दोन शब्द टाकले होते, 'दादा उघडत नाही.' मी उत्तर दिलं नाही. पुन्हा आला. मग त्यानं फोनच केला. मी म्हणालो, "आता तुमच्या तिकडनं ते उघडणार न्हाई. सिक्युरिटीचा नवा नियम आलाय."

त्यानं लगेच मान्य केलं. फौजी माणसाला सिक्युरिटी म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच तो शब्द मी वापरला. उलट तोच म्हणाला, "बराबर हाय दादा, हितं फोनवर लय बंधनं आल्यात. तू बघतोयस न्हवं? मग झालं."

बहिणीच्या लक्षात आलं. फोल्डर कुणाकुणाला दिसतं तिथं तीन तोंडं होती, आता दोनच. तिनं विचारलं. आबांनीच सांगितलंय, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. तिला ते पटलं नाही, पण आबांचं नाव आल्यावर ती गप्प बसली.

इथवर मी जे केलं त्याची मला फारशी टोचणी नाही. पुढचं वेगळं आहे.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. गळ्याला भोक ठेवावं लागेल आणि त्यानंतर बोलता येणार नाही, हेही सांगितलं. आबांना साताऱ्यात माझ्याकडे आणलं होतं. दिवाणावर पडून असायचे. आवाज आधीच घोगरा, हवेसारखा झालेला. भावाचा फोन आला की मी त्यांच्या तोंडापाशी मोबाइल धरायचो आणि ते म्हणायचे, "घसा बसलाय रं. पावसाचं पानी." तो तिकडनं गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगायचा.

एका सकाळी मी कामाला निघताना त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. ती मला अर्धीमुर्धी माहीत होती. ते वर असताना आजी गेली. घरच्यांनी पत्रात क्षेम लिहिलं. सुट्टीवर येताना आबांनी तिच्यासाठी लोकरीची शाल आणली होती. फाट्यावर उतरून गावात येईपर्यंत भेटेल तो माणूस नमस्कार करत होता आणि खाली बघत होता. कुणी बोललं नाही. घरी आल्यावर चुलत्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग सांगितलं. शाल कुणाला दिली हे आबांना आठवत नव्हतं.

"ते काय बरं न्हाई," आबा म्हणाले. "त्याला बोलीव. आवाज हाय तवर बोलतो त्येच्याशी."

मी म्हणालो, "हो, बोलवतो."

आणि बोलवलं नाही. त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं, हे माझं पहिलं कारण. दुसऱ्या दिवशी कारण असं की, आता बोलवायचं तर आधी लपवलं होतं हे सांगावं लागणार. फोल्डरचं सांगावं लागणार. सिक्युरिटीचं सांगावं लागणार. एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा म्हणून मी स्वतःला माफ केलं असतं. पण आणखी एक होतं आणि ते लिहिण्यासाठीच मी हे सगळं लिहितोय.

त्या आजारपणात आबा माझे झाले होते. त्यांची दाढी मी करायचो. पेज मी गाळून द्यायचो. कुठली गोळी कधी, हे त्यांना नाही, मला माहीत. डॉक्टर माझ्याशी बोलायचे. मी कंपनीतून यायला उशीर केला तर ते दाराकडे बघत बसायचे, बायको सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा ते माझी वाट बघत होते. धाकटा आला की त्यांचा चेहरा दुसऱ्या बाजूला वळणार, हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून बघत आलो होतो. मला ते आणखी थोडे दिवस नको होतं.

त्यांनी पुन्हा विचारलं, "कळीवलंस का?"

मी म्हणालो, "कळवलं. छुट्टी मिळत न्हाई म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, ओळखलं. पण ते म्हणाले, "नसंल मिळत. आमालाबी न्हाई मिळायची." त्यावर मी आणखी पुढं जाऊन सांगितलं, "फोनवर त्याला छुट्टीचं इचारू नका, त्याला वाईट वाटतंय." आबांनी मान डोलावली. फौजी माणूस, त्यांना हे लगेच समजलं. त्यानंतर भावाचा फोन आला तेव्हा ते पुन्हा पावसाच्या पाण्याचंच बोलले. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते आणि मधे मोबाइल धरून मी बसलो होतो.

ऑपरेशन सांगलीत झालं. झाल्यावर मी भावाला फोन केला. अचानक ठरलं, म्हणालो. त्यानं साहेबांपुढे नुसतं उभं राहून सांगितलं आणि त्याला जागेवर सुट्टी मिळाली. मागितली असती तर आधीही मिळाली असती, असं तोच म्हणाला, पुढे बऱ्याच जणांना.

तो दवाखान्यात आला, अंगावर प्रवासाचा धुरळा तसाच. आबांच्या गळ्याला पट्टी आणि नळी. त्यांनी त्याचा खांदा चाचपला, मग तळहात उलटा करून विचारल्यासारखं केलं. भावाला वाटलं, जेवलास का विचारतायत. "जेवलो आबा, कराडात जेवलो," तो म्हणाला. मिळाली का सुट्टी, असं ते विचारत होते. खाटेपाशी ते फक्त मला कळलं आणि मी सलाईनच्या बाटलीकडे बघितलं.

नंतर आबा काही महिने होते. बहिणीनं पाटी आणून दिली होती. त्यावर ते पाणी, उशी, दुखतंय असलं लिहायचे. सुट्टीचं त्यांनी कधी लिहिलं नाही. मिळाली नाही ती नाही, त्यावर काय लिहायचं, असंच त्यांना वाटलं असणार. भाऊ परत गेला, पुन्हा आला, आणि शेवटी आम्ही तिघंही जवळ होतो. गावात सगळे म्हणाले की थोरल्यानं सेवा केली. ते ऐकताना मी खाली बघायचो आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटायचा.

आता भाऊ निवृत्त होऊन आलाय. साताऱ्यातच, माझ्यापासून जवळ, त्यानं घर बांधलं. इथं असे माजी सैनिक पुष्कळ, सकाळी फिरायला त्याला मंडळी मिळाली. कुणाशीही आबांचा विषय निघाला की तो सांगतो, "आमाला लांबनं काय कळतंय. फोल्डर उघडायचं न्हाई सिक्युरिटीमुळं. दादानं समदं एकट्यानं निभावलं." माझ्या देखत सांगतो. एकदोनदा माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा घसा बसला. बसला तो मोकळा होईना. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, एक गाठ दिसली. घरात कुणाला असं काही होतं का, असं विचारलं आणि वडिलांचे कागद असतील तर आणा म्हणून सांगितलं. भाऊ थेट माझ्याकडे आला. पायरीवर चप्पल काढता काढताच म्हणाला, "दादा, आबांचं ते फोल्डर हाय का रं आजून? मला तर ते तवा उघडलंच न्हाई. आता फौज सुटली, घरनं उघडंल."

बघून सांगतो, म्हणालो.

तो गेल्यावर मी संगणक उघडला. पहिला विचार काय आला तेही सांगतो. नवीन फोल्डर करायचं, त्यात कागद टाकायचे आणि तेच त्याला द्यायचं. जुन्याला हात लावायचा नाही. ड्रॉइंगचं मी रोज असंच करतो. निम्मे कागद टाकूनही झाले. मग गाठीचा रिपोर्ट आला. त्याच्या डोक्यावर तारीख छापलेली, ऑपरेशनच्या कितीतरी आधीची. ती बघून भाऊ काय ते समजला असता. तो एक कागद वगळायचा, की बाकी सगळं सरळ दिसतं. पण डॉक्टरांना हवा होता तो नेमका तोच कागद. आबांची गाठ कुठल्या जातीची होती, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं.

मी नवीन फोल्डर पुसून टाकलं आणि भावाकडे चालत गेलो.

तो अंगणात पाइपनं झाडांना पाणी घालत होता. मी म्हणालो, नळ बंद कर, बोलायचंय. त्यानं बंद केला. कट्ट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय त्याच क्रमानं, एसटीपासून. सिक्युरिटीचं ऐकताना त्याच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, कुणी चेष्टा केली की येतं तसं. मग ते गेलं.

"आबांनी माझं इचारलं हुतं?"

"इचारलं हुतं. बोलीव म्हणाले."

"आन तू काय सांगितलंस?"

"छुट्टी मिळत न्हाई म्हणून."

तो उठला आणि आत गेला. त्याची बायको बाहेर येऊन चहा ठेवू का विचारून गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी नको म्हणालो. निघून जावं असं वाटत होतं, पण बसून राहिलो. तो परत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

"मी मागितलीच नव्हती," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"तुला म्हाईत हाय. आबांना न्हाई. ते गेले तवा त्यांच्या डोक्यात हेच, की ह्येनं मागितली आन मिळाली न्हाई. न्हाईतर हे, की ह्येनं जोर लावून मागितली न्हाई."

दवाखान्यातला तो उलटा तळहात मी अजून सांगितला नव्हता. तोही सांगितला. त्यानं स्वतःचा तळहात उलटा करून बघितला.

"आन मी जेवलो म्हणून सांगितलं," तो म्हणाला. मग विचारलं, "कशापायी केलंस दादा?"

आबा माझी वाट बघायला लागले होते, असं मी सांगितलं. एवढंच. त्यानं मोबाइल पुढे केला. "फोल्डर दे."

मी त्याचं नाव परत टाकायला घेतलं. त्यानं थांबवलं.

"मालक कोन हाय त्येचा?"

"मी."

"मला कर."

मालकी दुसऱ्याला देता येते. देणाऱ्यानं द्यायची आणि घेणाऱ्यानं ती स्वीकारायची. मी दिली. त्याच्या मोबाइलवर निरोप वाजला, त्यानं चष्मा लावून तो नीट वाचला आणि बटण दाबलं. मला 'जा' म्हणाला नाही. मी उठल्यावर पाइप उचलून नळाकडे गेला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. आबांचा रिपोर्ट डॉक्टरांना मिळाला, एवढं बहिणीकडून कळलं. तिलाही त्यानं सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. एकदा म्हणाली, "मी तवाच इचारलं हुतं तुला, न्हवं?" विचारलं होतंच.

मी रोज वाट बघत होतो की फोल्डर उघडायला जाईन आणि ती पाटी दिसेल. परवानगी नाही, हवी असल्यास मागा. मालकाला ते किती सोपं असतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. आणि त्यानं काढलंच तर मागायची नाही, हे मी ठरवून ठेवलं होतं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितलं. फोल्डर उघडलं. आबांचे कागद जागेवर होते. त्यांच्या खाली त्यानं एक नवीन फोल्डर केलं होतं, स्वतःच्या घशाचं, आणि तपासणीचा रिपोर्ट आदल्या दिवशीच टाकला होता. गाठ साधी निघाली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी तो रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, डॉक्टरांच्या सहीखालचा दवाखान्याचा पत्तासुद्धा वाचला.

मग सवयीनं माझ्या नावासमोर बघितलं. नाव होतं. बदल करायची परवानगी काढून घेतली होती. मला आता ते नुसतं पाहता येतं.

संध्याकाळी कंपनीतून येताना त्याच्या घरावरून आलो. तो अंगणात होता. मी रस्त्यावरूनच म्हणालो, "रिपोर्ट बघितला."

"व्हय," तो म्हणाला. "दिसतोय न्हवं तुला?"

"दिसतोय."

"मग बग जा." आणि पाणी पुढच्या झाडाकडे वळवलं.